गरोदर स्त्रीच्या हिरड्या आणि बाळाचे वजन

गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात सकाळी चूळ भरताना पाण्यात रक्ताची लाली दिसली, तर घरातील वडीलधारी बाई सहसा एवढेच म्हणते, ‘असे होतेच. बाळंतपण झाले की थांबेल.’ एका मुलामागे आईचा एक दात जायचाच, ही समजूतही आपल्याकडे जुनी आहे. या बोलण्यात अनुभवाचा अंश आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्यावर विसंबून जे केले जाते, आणि विशेषतः जे केले जात नाही, त्याचा त्रास त्या सुनेला होतो. कधी कधी तो तिच्या पोटातील बाळापर्यंतही पोचतो. तो कोणत्या वाटेने पोचतो, हे आज या सभेत जमलेल्या शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि अंगणवाडी सेविकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हिरड्यांविषयी. दातांच्या मुळाशी अन्नकण आणि जंतू यांचा एक चिकट थर रोज साचतो. तो वेळच्या वेळी घासून काढला नाही, तर टणक होऊन त्याचे कीटण बनते, आणि त्याच्या कडेने हिरडी सुजते. हे कोणाच्याही बाबतीत घडते. गरोदर स्त्रीच्या शरीरात मात्र काही अंतःस्रावांचे प्रमाण पुष्कळ वाढलेले असते. त्यांच्यामुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, आणि एरवी ज्या थराने किंचित लाली आली असती त्याच थराने आता हिरडी सुजून रक्त गाळू लागते. हॅरल्ड लोए आणि जॉन सिलनेस या स्कँडिनेव्हियातील दंतवैद्यांनी १९६३ साली गरोदर स्त्रियांच्या हिरड्या तपासून जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आजही प्रमाण मानले जातात. सूज दुसऱ्या महिन्यापासून वाढू लागते, आठव्या महिन्यात ती सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर उतरू लागते, असे त्यांना आढळले. घरातील वडीलधाऱ्या बाईचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे.

मात्र बाळाच्या हाडांसाठी आईच्या दातांतील चुना ओढला जातो, हे खरे नव्हे. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडल्यास तिच्या हाडांतून मिळते. तयार झालेल्या दातातून ते निघत नाही. दात जातो तो किडीमुळे आणि हिरडीच्या रोगामुळे. सूज हिरडीपुरती राहिली तर ती भरून येते. पण ती खाली उतरून दात धरून ठेवणारे हाड झिजू लागले, तर ते हाड बाळंतपणानंतर पूर्ववत होत नाही. जुनी माणसे ज्याला पायोरिया म्हणत, तो हाच विकार. त्यातच सकाळच्या ओकाऱ्यांमुळे तोंडात आंबट पाणी येते, ब्रशच्या वासानेही मळमळते, आणि पुष्कळ स्त्रिया याच महिन्यांत दात घासण्याचे टाळतात.

आता बाळाच्या वजनाकडे वळू. जन्मतःच २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले अर्भक ‘कमी वजनाचे’ मानले जाते. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्या बालकांचे जन्मवजन नोंदलेले होते त्यांपैकी देशभरात सुमारे १८ टक्के बालके या रेषेखाली होती. अशा बाळाला अंगावर पिणे जड जाते, त्याचे अंग लवकर गार पडते आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची त्याची ताकद तुटपुंजी असते. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांत अशांचाच भरणा मोठा असतो.

या दोन गोष्टींचा सांधा प्रथम ठळकपणे जुळवला तो अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठाचे स्टीव्हन ऑफेनबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गाभण हॅमस्टर प्राण्यांना हिरड्यांच्या रोगाच्या जंतूचा संसर्ग केल्यास त्यांच्या गर्भाचे वजन घटते, असे त्यांच्या गटाला १९९४ साली आढळले होते. १९९६ साली त्यांनी १२४ मातांची पाहणी प्रसिद्ध केली. हिरड्यांचा रोग बळावलेल्या मातांत मुदतीपूर्वी व कमी वजनाचे बाळ होण्याची शक्यता सुमारे सातपट असल्याचे तीत दिसले. सुजलेल्या हिरडीतून जंतू आणि दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात, ती वारेपर्यंत पोचतात आणि प्रसूतीच्या कळा अवेळी सुरू करणारी द्रव्ये वाढवतात, असा तर्क त्यामागे होता. तर्क सयुक्तिक होता. जगभर आशा निर्माण झाली, की दात साफ केले म्हणजे बाळ वाचेल.

२००२ साली चिली देशातील सुमारे ४०० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाने ही आशा वाढवली. परंतु २००६ साली अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष हाती आले. ८२३ गरोदर स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाच्या हिरड्यांवर पाचवा महिना सरण्यापूर्वी उपचार झाले, दुसऱ्याच्या हिरड्यांवर प्रसूतीनंतर. पहिल्या गटात मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १२ टक्के निघाले, दुसऱ्यात १२.८ टक्के. बाळांचे सरासरी वजन अनुक्रमे ३२३९ आणि ३२५८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सारखेच. हिरड्या मात्र उपचाराने सुधारल्या, आणि उपचारामुळे आईला वा बाळाला कोणताही अपाय झाला नाही. पुढे ऑफेनबाखर यांनी स्वतः सुमारे १८०० स्त्रियांवर केलेल्या प्रयोगातही मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या नाहीत. तो निष्कर्षही त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा याला म्हणावे.

२०१७ साली अशा १५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. मुदतपूर्व प्रसूतीत फरक पडतो असे त्यातून म्हणता आले नाही. कमी वजनाची बाळे थोडी घटत असावीत, पण तो पुरावा दुबळा आहे, असे त्यात नमूद झाले. आफ्रिकेतील मलावी देशात झायलिटॉल या गोड पदार्थाची चघळण्याची गोळी गरोदर स्त्रियांना देऊन पाहण्यात आली. तेथे मुदतपूर्व प्रसूती १६.५ टक्क्यांवरून १२.६ टक्क्यांवर आल्याचे २०२२ साली जाहीर झाले. म्हणजे हा विषय मिटलेला नाही. उपचार गर्भधारणेपूर्वीच व्हायला हवेत, मधल्या महिन्यांत उशीर झालेला असतो, असेही काही तज्ज्ञ मानतात.

‘दात सांभाळा, वजनदार बाळ मिळवा’ अशी घोषणा भिंतीवर रंगवणे सोपे आहे. पण तिला आजच्या ज्ञानाचा आधार नाही, आणि अशा घोषणेची किंमत शेवटी बाईच मोजते. सांगितले तसे सगळे करूनही बाळ दोन किलोचे झाले, तर घरात बोल तिलाच लागतो. हिरड्यांचा रोग असलेल्या स्त्रीच्या बाबतीत दारिद्र्य, अपुरा आहार, रक्तक्षय, मधुमेह आणि तंबाखू या गोष्टीही पुष्कळदा बरोबर असतात. बाळाचे वजन त्यांपैकी कशाने घटले, हे केवळ हिरड्या पाहून ठरत नाही.

या यादीतील शेवटचा शब्द विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजेच मिश्री किंवा मशेरी, पुष्कळ घरांतील स्त्रिया दात घासण्यासाठी म्हणून वापरतात. ज्या सुनेच्या हिरडीतून रक्त येते, दात ठणकतो, तिला शेजारीण मायेने सांगते, ‘चिमूटभर मिश्री लावून बघ, ठणका बसेल.’ ठणका बसतोही, कारण तंबाखू काही वेळ तो भाग बधिर करते. मग दिवसातून एकदाची मिश्री तीनदा होते आणि तिच्याशिवाय कोठाही साफ होत नाही. हिरडीवर ठेवलेल्या या तंबाखूतील निकोटीन थेट रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. इतर कारणांचा हिशेब वजा करूनही, मिश्रीसारखी धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या बाळाचे वजन मुळातच २५०० ग्रॅमच्या आसपास असायचे, त्याला एवढी घट रेषेखाली ढकलायला पुरेशी आहे.

हिरडी आणि वजन यांचा जो धागा आपल्या घरांत डोळ्यांना दिसतो, तो हा आहे. तंबाखू मिसळलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली. पण घरच्या चुलीवर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कोणता कायदा पोचणार? तेथे सासूबाईच पोचू शकतात, आणि त्याही मिश्री लावत असतील तर आधी त्यांच्याशी बोलावे लागते. एकट्या सुनेला दटावून हे काम होत नाही. ती चोरून लावते, एवढेच. तिचा दात खरोखर दुखतो आहे हे मान्य करून तिला दंतवैद्याकडे नेले, तर मिश्रीचे निमित्तच उरत नाही.

गरोदरपणात दातांना हात लावू नये, या भीतीने बाई महिनोन्महिने ठणका सोसते. ही भीती निराधार आहे. कीटण काढणे, किडलेला दात भरणे, गरज पडल्यास भूल देऊन काढणे, हे सर्व गरोदरपणी करता येते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी अधिक सोयीचा असतो. दंतवैद्याला आपण गरोदर आहोत हे मात्र आधी सांगावे. टेट्रासायक्लिनसारखी औषधे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडतात, म्हणून ती टाळायची असतात, आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही घेऊ नयेत. घरी मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत, रक्त आले तरी थांबू नये. ओकारी झाल्यावर लगेच ब्रश न करता पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. तेथे वजन, रक्तदाब आणि रक्त तपासले जात असतानाच ‘चूळ भरताना रक्त येते का?’ आणि ‘मिश्री लावता का?’ हे दोन प्रश्न आरोग्य सेविकेने विचारले, तर त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. गोव्यातील स्त्रियांसाठी बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय हे सरकारी ठिकाण आहे. ज्यांना त्या नऊ महिन्यांत जमले नाही, त्यांनी बाळाला दीड महिन्याची लस टोचायला नेताना स्वतःच्या हिरड्याही दाखवाव्यात. सूज तोवर उतरलेली असते, पण कीटण जागच्या जागीच असते.