गाडीची विचारपूस

(शारदीय व्याख्यानमालेत कॅनडातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान)



 इथल्या मराठी कुटुंबाच्या दारात आज बहुधा एसयूव्ही उभी असते. मुलांची शाळा, आजी-आजोबांना विमानतळावरून आणणे, गणपतीच्या आरासीचे सामान, महिन्याचा किराणा, सगळे तिच्या जिवावर चालते. उणे २५ अंशांत शहराबाहेरच्या हमरस्त्यावर ती बंद पडली तर तिला नुसती गैरसोय म्हणता येत नाही. मागच्या सीटवरच्या मुलांच्या जिवाशी गाठ असते. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आजची एसयूव्ही जसजशी समर्थ होत गेली तसतशी अबोलही होत गेली. तिच्यातली उणीव जुन्या गाड्यांपेक्षा उशिरा कळते आणि कळते तेव्हा एकदम कळते. त्यामुळे घरच्या घरी, नेमाने तिची विचारपूस करण्याची गरज वाढली आहे, आणि हिवाळ्याच्या तयारीचा बराचसा भाग या विचारपुशीतच उरकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज चारही चाकांना मिळणाऱ्या जोराबद्दल आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. पुढच्या दोनच चाकांना जोर मिळणारी गाडी बर्फाळ रस्त्यावर जागची हलतानाच कुरकुर करते. चाके नुसती फिरतात, गाडी थोडी तिरकी होते आणि रस्ता निसरडा आहे हे चालकाला घराच्या फाटकातच कळते. फोर व्हील ड्राइव्ह किंवा ऑल व्हील ड्राइव्ह असलेली गाडी त्याच रस्त्यावर काही झालेच नाही अशा थाटात निघते. निसरडेपणाची पहिली बातमी चालकाला मिळते ती पुढच्या चौकात, ब्रेकवर पाय पडल्यावर. ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. थांबण्याच्या कामात फोर व्हील ड्राइव्हचा हातभार लागत नाही. गाडी जड म्हणून ती रस्ता घट्ट धरते, हे म्हणणेही अर्धेच खरे आहे. वजनाबरोबर पकड वाढते, पण थांबवायचे वजनही तेवढेच वाढते, आणि शेवटी सगळा भार रबर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर येतो. क्वेबेक प्रांताने हे ओळखले आहे. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, आणि फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणून कोणाला सूट मिळत नाही.

रबराचा प्रश्न तापमानाचा आहे, बर्फाचा नंतर. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊ लागते, म्हणजे रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर गारठ्यातही मऊ राहते, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असेल, तर तो बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे असे समजावे. नुसती ‘एम अँड एस’ ही अक्षरे म्हणजे तशी हमी नव्हे. मात्र ही खूण टायर नवा असतानाची आहे. नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फात तिचा फारसा उपयोग उरत नाही, आणि हे कोणताही दिवा सांगत नाही. खोली मोजायचे छोटे माप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टायरच्या आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला असे तीन ठिकाणी मोजावे. आतली कडच झिजलेली असेल, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला ती कड दिसतच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आजच्या गाडीत सेन्सर आहेत, काही बिघडले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग आपण वाकून काय पाहायचे? हा दिवा आला कुठून ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवरच्या फायरस्टोन टायरांवरचे नक्षीचे थर सुटून गाड्या उलटल्या, कित्येक माणसे दगावली आणि लक्षावधी टायर परत मागवावे लागले. हवा कमी असताना धावणारा टायर तापतो, ही त्या सगळ्या चर्चेतली एक महत्त्वाची बाब होती. त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने कायदा केला, आणि पुढे २००८च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आली. म्हणजे हा दिवा तिथे एका एसयूव्हीच्या अपघातांमुळेच सक्तीचा झाला, आणि त्याने प्राण वाचवले आहेत. पण त्या नियमाप्रमाणे तो लागायचा कधी? ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाल्यावर. आता हिशेब करू. सप्टेंबरात २० अंश तापमान असताना टायरमध्ये ३५ पीएसआय हवा भरली. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो. उणे १५ अंशांच्या सकाळी त्याच टायरमध्ये जेमतेम २९ उरतात. टायर फुटलेला नाही, कुठे खिळा नाही, आणि दिवाही लागलेला नाही, कारण त्याची मर्यादा २६च्या आसपास आहे. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतो, तो वेगळा. म्हणजे कुटुंब महिनोन्‌महिने कमी हवेवर फिरते आणि डॅशबोर्ड शांत असतो. दिवा ही धोक्याची घंटा आहे, तिला देखभालीचे वेळापत्रक समजणे घातक आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी साध्या गेजने दाब मोजला की हा प्रश्न मिटतो. किती हवा हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. ज्यांची गाडी उबदार गॅरेजमध्ये उभी असते त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गॅरेजमध्ये १० अंश आणि बाहेर उणे २० असेल, तर आत बरोबर दिसलेला दाब रस्त्यावर पाचेक पीएसआयने कमी होतो, म्हणून तेवढी हवा आधीच जास्त भरावी.

बॅटरीची गोष्टही अशीच आहे. गोठणबिंदूच्या थंडीत तिची सुरू करण्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि उणे १८ला निम्म्याहून अधिक घटते, तर नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनला फिरायला जास्त जोर लागतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या थंडीत बराच वेळ कण्हत सुरू होत, आणि बॅटरी थकत चालल्याचे त्या कण्हण्यातून ऐकू येई. आताचे इंजिन दोन-तीन फेऱ्यांतच पेट घेते, म्हणून दुबळी बॅटरीही डिसेंबरपर्यंत निभावून नेते आणि जानेवारीतल्या एका सकाळी नुसती टिकटिक करून गप्प होते. दोष मात्र थंडीचा नसतो. बॅटरीच्या आतल्या पट्ट्या मुख्यतः जुलैच्या उष्णतेत झिजतात. हिवाळ्यात ती झीज उघडी पडते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला आणि १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. शाळा आणि दुकान एवढ्याच छोट्या फेऱ्या असतील, तर गरम सीट, काचेमागचा हीटर आणि दिवे यांना दिलेली वीज परत भरून निघत नाही, हे त्या आकड्यात महिनाभरात दिसू लागते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची तार जोडणे धोक्याचे आहे, ती फुटू शकते. विनिपेग, सस्काटून, एडमंटन या भागांत गाडीला इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर असतो आणि वाहनतळावर त्यासाठी विजेचे प्लग असतात. तोही अबोल आहे. वायर आत कुठे तुटली असेल तर प्लग लावूनही काहीच तापत नाही, आणि ते कळते पहाटे. ऑक्टोबरातच वॅट मोजणारे छोटे उपकरण मधे लावून पाहिले तर तो वीज घेतो की नाही हे पाच मिनिटांत कळते. रात्रभर तो चालू ठेवण्याचेही कारण नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन तास टायमरने चालला तरी पुरतो.

कूलंटच्या टाकीकडे आपण सगळेच पाहतो, पण पाहतो ती पातळी. उन्हाळ्यात कोणी नुसते पाणी ओतून पातळी भरून काढली असेल, तर टाकी भरलेली दिसते आणि मिश्रण मात्र विरळ झालेले असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. इंजिनच्या ओतीव लोखंडाला किंवा अॅल्युमिनियमला तडा जायला ते पुरेसे असते. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. मग ग्लायकॉलच जास्त ओतले तर आणखी चांगले, असे वाटेल. पण नुसते ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठते! म्हणून अंदाजाने ओतण्यापेक्षा स्वस्तातल्या टेस्टरने मापावे. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि सांडलेला थेंबही पुसून काढावा, कारण तो चवीला गोड असतो आणि कुत्र्या-मांजरांना विष ठरतो. तेलाबद्दल थोडक्यात सांगतो. डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधी येणारा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. शून्य असेल तर तेलाची चाचणी उणे ३५ला झालेली असते, पाच असेल तर उणे ३०ला. निर्मात्याच्या पुस्तकात परवानगी असेल तर प्रेअरी प्रांतांत शून्याचे तेल घ्यावे.

मीठ मात्र थोडा वेळ मागते. रस्त्यावर टाकलेले साधे मीठ उणे १० अंशांच्या खाली फारसे काम करीत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याच्या जोडीला इतर क्षार आणि खारे पाणी वापरतात. हे खारे पाणी गाडीच्या पोटात, दारांच्या खालच्या शिवणीत, ब्रेकच्या सरकत्या खुंट्यांवर जाऊन बसते. एसयूव्ही उंच असल्याने तिचे पोट धुवायला सोपे, पण ती उंच आहे म्हणूनच तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. तापमान शून्याच्या वर गेले की त्या दिवशी खालून धुऊन घ्यावी, आणि दाराच्या तळाशी असलेली पाणी निघून जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली, तर आधी मागची धुराची नळी बर्फातून मोकळी करावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उबेला पेंगुळलेल्या माणसाला काहीच कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे काम वर्कशॉपचे आहे, आपण त्यात हात घालू नये. दुरुस्तीपुरते मला हे पूर्ण मान्य आहे. दोन टनांची गाडी घरच्या जॅकवर उचलून कोणी तिच्याखाली शिरू नये; ब्रेकच्या खुंट्या साफ करणे, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे तेल बदलणे ही कामे जाणकारानेच करावीत. पण तपासणी आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्कशॉपमधला माणूस तुमची गाडी वर्षातून दोनदा, उबदार जागेत, तासभर पाहतो. गेल्या महिन्यात बॅटरी किती व्होल्ट दाखवत होती, मागचा उजवा टायरच दर वेळी हवा का सोडतो, हे त्याला कोण सांगणार? कोकणात मृगाआधी घर शाकारायला माणूस बोलावतात, पण कुठे गळते ते त्याला घरचेच दाखवतात. गाडीबाबतही तेच करायचे आहे, आणि त्यासाठी गेज, नक्षीचे माप, मल्टिमीटर आणि एक वही पुरते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. टायरचे दोन संच म्हणजे दुप्पट पैसे, असे वाटते. प्रत्येक संच वर्षाचा काही काळच धावतो, म्हणून दोन्ही जास्त वर्षे टिकतात आणि खर्चाचा बराच भाग वसूल होतो. ऑन्टारियोत १ जानेवारी २०१६पासून हिवाळी टायर लावणाऱ्यांना विम्यात सवलत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. तरीही बदलण्याची मजुरी आणि ठेवण्याच्या जागेचे भाडे उरतेच, ते मी लपवणार नाही. पैसे वाचवायला दोनच टायर बदलणे मात्र फोर व्हील ड्राइव्हला परवडत नाही. नव्या-जुन्या टायरच्या व्यासात फरक पडला की मधली यंत्रणा तो फरक सतत सोसते आणि निकामी होते. चारही टायर सारखे झिजावेत म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांच्या जागा बदलाव्यात.

भारतातून लडाखला स्वतःची डिझेल एसयूव्ही घेऊन जाणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही यातले बरेच लागू पडते. मैदानी पंपावर भरलेल्या डिझेलमधले मेण कडक थंडीत गोठून फिल्टर तुंबवते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. विजेच्या गाडीतही टायर, हवा, काच धुण्याचे पाणी, मीठ हे सगळे आहेच, आणि बहुतेकींमध्ये १२ व्होल्टची छोटी बॅटरीही आहे. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

ही तपासणी घरातल्या एकाच माणसाकडे सोपवू नये. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, नव्याने परवाना मिळालेल्या मुलामुलींनाही, गेज लावून दाब वाचता आला पाहिजे आणि चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने तपासता आले पाहिजेत. एप्रिलमध्ये हिवाळी चाके उतरवताना प्रत्येकावर खडूने त्याची जागा लिहावी आणि नक्षीची खोली वहीत नोंदवावी. चार मिलिमीटरच्या खाली गेलेला संच मग ऑगस्टमध्येच मागवता येतो, दुकानांत हव्या त्या मापाचे टायर शिल्लक असताना.