रोज ओढतात म्हणजे व्यसन आहे का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या की एखादी ताई मागं थांबते आणि हळूच विचारते, "मालक रोज रात्री गांजा ओढतात. दारू नाही, मारहाण नाही, कामावर जातात. मग याला व्यसन म्हणायचं का?" आज त्यावरच बोलते.

'साधू-बैरागी ओढतात, झाडपाल्याचंच आहे, सवय लागत नाही,' असं आपल्याकडं म्हणतात. ते खरं नाही. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. भांग-गांजामुळं मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख लोक देशात आहेत, असं त्यात दिसलं. पण ओढणारा प्रत्येक जण व्यसनी असतो, असंही नाही.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर मागच्या वर्षभरातल्या सहा गोष्टी बघतात:

1. तलफ आली की दुसरं काही सुचत नाही.
2. "आज थोडंच" म्हणून बसतात, पण ताबा राहत नाही.
3. नाही ओढलं तर चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही.
4. पहिल्याएवढ्यावर भागत नाही.
5. शेत, पोरं, पै-पाहुणे मागं पडतात.
6. नुकसान दिसतंय, तरी सुटत नाही.

यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी असल्या तर ते व्यसन. नुसतं 'कामावर जातात' एवढ्यानं सुटका होत नाही.

तिसऱ्या गोष्टीत आपण फसतो. मालक दोन दिवस सोडतात, घरात आदळआपट होते आणि आपणच म्हणतो, "त्यापेक्षा ओढलेलं बरं." तायांनो, तो त्रास सोडल्यावर एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि बहुतेकांचा दोन आठवड्यांत कमी होतो. तेवढे दिवस धीर धरायचा. पण त्रास सोसायचा म्हणजे मार खायचा नाही. हात उगारला तर 181 ला फोन करा.

तीन गोष्टी नसल्या तरी पैशाचा हिशोब ठेवा. रोजचे 50 रुपये धरले तर महिन्याचे 1500 झाले. कितीतरी जणींचा कर्जाचा हप्ता तेवढाच असतो! महिनाभर वहीत लिहा. पुडीची उधारी फेडायला गटातून कर्ज मात्र उचलू नका.

बोलायचं ते नशा उतरल्यावर, सकाळी, पोरांसमोर नाही. "व्यसनी" म्हणून हिणवू नका. "सात दिवस सोडून बघता का?" एवढंच विचारा. जमलं तर चांगलंच. नाही जमलं तर त्यांना स्वतःलाच कळेल. चहातून गुपचूप पावडरी देऊ नका, त्या जिवावर बेततात. कानात आवाज येतात, उगाच संशय घेतात, असं दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

मदत कुठं मिळेल? व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416, दोन्ही फोन फुकट आहेत. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. "दवाखान्यात गेलं तर पोलीस धरतील" अशी भीती असते. गांजा बाळगणं, ओढणं गुन्हा आहे, हे खरं. पण 1985 च्या कायद्यातलं कलम 64-अ सांगतं की, थोड्या मालाचं प्रकरण असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही.

शेवटचं सांगते. कुणी ताई गटात हे बोलली तर ते पाणवठ्यावर जाता कामा नये. बचतीचा पैसा जसा सांभाळतो, तसाच तिचा शब्द सांभाळा.