आमची साक्ष कोण देणार?

(युवक शाखेच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. मॅट्रिक झालोय. कविता करतो, हे तुम्हाला माहीत आहे, पण आज कविता म्हणणार नाही. आज हिशेब मांडायचाय.

मागल्या बैठकीत आपल्यात जोराचं भांडण झालं. कारण आमच्या टोळीतला गडी. नगरकडचा, ख्रिस्ती घरातला. आपल्या मोर्चात पुढे असतो, जयंतीला पताका लावायला शिडीवर पहिला चढतो. त्याला पत्र आलंय. युरोपात मिशनची परिषद आहे, बारा दिवस. विमानाचं तिकीट त्यांचं, राहणं-खाणं त्यांचं. त्याने दोन-तीन मिनिटं ‘साक्ष’ द्यायची, म्हणजे स्वतःची कहाणी सांगायची. आणि सोबत फोटो पाठवायचा. घरच्या माणसांचा, पण मागे झोपडी दिसेल असा.

आपल्यातले काही म्हणाले, गेला हा पाद्र्यांच्या गोटात. काही म्हणाले, साला, नशीबवान आहे, फुकट परदेश बघेल. मला दोन्ही बोलणी पटली नाहीत. म्हणून गेले दोन महिने पाळीवरून सुटल्यावर जे मिळालं ते वाचलं, आणि आज उभा राहिलो.

गोदीत एक साधी गोष्ट कळते. बोट दोन्ही बाजूंनी चालते. माल उतरतो तसा चढतो. मिशनचंही तसंच. १८१३ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. १८३१ साली त्यांचं ठाणं नगरला बसलं. पुढे त्यांच्याकडे गेले ते बहुतेक आपलेच, महारवाड्यातले, मांगवाड्यातले. का गेले? गावाने पाटीला हात लावू दिला नाही, मिशनने लावू दिला. एवढं सरळ कारण आहे. जोतिबा फुलेसुद्धा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. हे उपकार नाकारायचे कारण नाही. ज्याने पाणी दिलं त्याने दिलं.

पण उलट्या बोटीत काय चढलं? रिपोर्ट चढले. पत्रं चढली, पुढे फोटो चढले. मिशनरी सुट्टीवर मायदेशी गेला की चर्चमध्ये उभा राहून आमची गरिबी, आमचे रोग, आमचं अज्ञान सांगायचा, आणि मग वर्गणीचं ताट फिरायचं. त्या पैशातून शाळा-दवाखाने निघाले, हेही खरं. पण आमची दैना ही एक्सपोर्टची वस्तू झाली. आणि माल बोलत नसतो, मित्रांनो. मालावर दुसऱ्याचा शिक्का असतो. सही दुसऱ्याची असते.

आता जे स्वतः गेले त्यांच्याकडे बघू.

१८८३ साली पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या. त्याच साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण डोकं गहाण टाकलं नाही. चर्चच्या वडीलधाऱ्यांशी त्या पत्रांतून भांडत राहिल्या. बाईने पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशप मंडळींनी हरकत घेतली, तर तीही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली नाही. १८८६ ला अमेरिकेत गेल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, १८८७ ला बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी असोसिएशन उभं राहिलं, आणि १८८९ च्या मार्चात मुंबईत शारदा सदन उघडलं. भीक मागायला गेलेली बाई अशी बोलत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. त्या तिकडे उच्चवर्णीय विधवेचं दुःख मांडत होत्या. दुःख खरंच होतं. पण महारीण-मांगीण त्या सभांत कुठे होती? पुढे दुष्काळात केडगावच्या मुक्तीचं दार सगळ्या जातींच्या पोरींना उघडलं, हा रमाबाईंचा मोठेपणा. तरी बोस्टनच्या व्यासपीठावर आमची बाई चढली नव्हती ती नव्हतीच.

दुसरा माणूस वेदनायगम सॅम्युअल अझरिया. तमिळ मुलखातल्या तिनेवेल्लीकडचा, नाडार जातीचा. या जातीला देवळात पाऊल टाकू देत नसत. १९१० च्या जूनमध्ये स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. सभेचं कामकाज चालवणारे अमेरिकेचे जॉन मॉट. सुमारे १२०० प्रतिनिधी. त्यांत आशियातले किती? वीससुद्धा नाहीत. जग ख्रिस्ती करायच्या गप्पा, आणि ज्या जगाला करायचं ते जग दाराबाहेर! जे आत होते तेही बहुतेक गोऱ्यांच्या मिशन सोसायट्यांनी पाठवलेले. स्वतःच्या मंडळीने निवडून दिलेले नव्हेत.

त्या सभेत अझरिया उभा राहिला. छत्तिशी न गाठलेला माणूस. विषय दिलेला होता, परदेशी आणि देशी कामगारांचं सहकार्य. सभेला वाटलं असेल, आता हा आभार मानेल. आभार त्याने मानले. मिशनरी आमच्यासाठी झिजले, हे तो म्हणाला. आणि मग तोंडावर सांगितलं की तुमच्यातले किती तरी जण वर्षानुवर्षं इथल्या माणसाबरोबर राबतात, पण त्याला घरी जेवायला बोलावत नाहीत. वरिष्ठ होऊन वागता, सोबती होत नाही. दान पुरे झालं, आम्हाला मित्र द्या, असं त्याचं मागणं होतं. सभेत खळबळ झाली. काही मिशनरी भडकले. तिकीट दुसऱ्याचं, सभा दुसऱ्याची, व्यासपीठ दुसऱ्याचं, पण तोंड स्वतःचं. दीड हजार शब्द बोलून नाही होत ते एका वाक्याने झालं. म्हणून शंभरावर वर्षं झाली तरी त्या परिषदेतलं हे भाषण लोकांना आठवतं.

१९१२ साली तो दोर्णकलचा बिशप झाला. अँग्लिकन चर्चचा पहिला हिंदी बिशप. दोर्णकल तेव्हा निजामाच्या राज्यात, आज तेलंगणात. त्याच्या मंडळीत बहुसंख्य कोण? माला आणि मादिगा. म्हणजे आपलेच भाऊबंद. आणि तिथे काय दिसलं? माला मादिगाबरोबर जेवायला तयार नाही. ज्याने एडिंबरोला गोऱ्याकडे पंगत मागितली त्याला घरी येऊन आपल्याच माणसांना एका पंगतीत बसवण्यासाठी उमर घालवावी लागली. हसू नका. आपल्याकडे महार-मांग-चांभार एका ताटात जेवतात का, ते ज्याने त्याने आपल्या घरी विचारावं.

आता तिसरा हिशेब. तोच जॉन मॉट १९३६ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात आला. आदल्या वर्षी १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. सगळ्या धर्मांच्या बाजारात गडबड उडाली होती. मॉट वर्ध्याकडे जाऊन गांधींना भेटला. विषय कोण? आम्ही. गांधींचं म्हणणं, या लोकांना धर्माधर्मातला फरक कळायची समज नाही, त्यांना उपदेश करणं म्हणजे गाईला उपदेश करणं. हे त्याच डिसेंबरात ‘हरिजन’ साप्ताहिकात छापून आलं. एक साता समुद्रापलीकडून आलेला, एक इथलाच महात्मा, दोघे बसून आमच्या अकलेचं मोजमाप करतात, आणि आम्ही गैरहजर! मित्रांनो, याच कारणासाठी बाबासाहेब १९३० ला गोलमेज परिषदेला गेले होते. तिथे आमच्या वतीने दुसरं कुणी बोलू नये म्हणून.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म घेतला नाही, १९५६ ला बुद्धाकडे गेले, मग आपल्याला या परिषदांचं काय? बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवरही लिहून ठेवलंय. सरकारने ते १९८९ साली इंग्रजी खंडांतल्या पाचव्यात छापलं. चर्चमध्ये जात तशीच राहिली, आणि शिकलेला ख्रिस्ती आपल्या मागे राहिलेल्या भावाला विसरला, ही त्यांची तक्रार आहे. तक्रार करून त्यांनी त्या माणसांना टाकून दिलं, असं मला त्यात कुठं दिसत नाही.

आणि आपला हा गडी टाकून देण्यासारखा आहे का? त्याच्या पणज्याची आणि माझ्या पणज्याची झोपडी एकाच जातीच्या वस्तीत. एकच वेस, एकच शिवी. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्याच्या घरात बाप्तिस्मा आधीच झालेला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने सांगितलं, हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला शिखांना घेतलं. १९९० ला बौद्धांना घेतलं, तेही आपण रस्त्यावर किती वर्षं ओरडल्यावर. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. सुसाई नावाच्या चर्मकार माणसाचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९८५ ला तो हरला. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगाने अहवाल दिला, धर्माची अट काढा म्हणून. तो धूळ खात पडला. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग. आणि उद्या गावात कुणी याला जातीवरून शिवी देऊन मारलं, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा याच्यासाठी नाही. मारणारा त्याची जात विचारतो, कायदा त्याचा धर्म विचारतो.

चर्चमध्ये तरी जागा आहे का? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती दफनभूमीत भिंत आहे. इकडे यांचे मुडदे, तिकडे त्यांचे. मेल्यावरसुद्धा विटाळ! कॅथलिक बिशपांनी २०१६ साली स्वतःच कागदावर कबूल केलं की चर्चमध्ये जातिभेद आहे. दलितांतला पहिला कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, २०२२ साली झाले. हिशेब करा किती शतकं लागली.

बाहेर जाऊन बोलून काय होतं, हाही प्रश्न आला होता. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद झाली. आपली माणसं मोठ्या संख्येने गेली. सरकारने पाय आडवा घातला, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न. शेवटच्या जाहीरनाम्यात जात आली नाही. पण घरातलं भांडण शेजाऱ्याने ऐकलं, ते ऐकलंच. २००९ च्या मार्चात बँकॉकला जगातल्या चर्चसंस्थांनी दलितांच्या न्यायासाठी परिषद घेतली. म्हणजे दार किलकिलं झालंय. आत जाऊन बोलायचं काय, हा सवाल आहे.

म्हणून माझं म्हणणं, याने जावं. पण माल होऊन जाऊ नये.

झोपडीचा फोटो पाठवू नये. पाठवायचाच तर मोर्चातला पाठवावा. रडकी कहाणी सांगू नये. दोन मिनिटं दिलीत ना? एका मिनिटात १९५० चा आदेश सांगावा, दुसऱ्यात दफनभूमीची भिंत. इथल्या सरकारचं सांगायचं आणि चर्चचं लपवायचं, हा दुटप्पीपणा नको. चर्चचं सांगायचं आणि सरकारचं गिळायचं, तेही नको. तिथे विचारावं, तुमच्या इथल्या संस्थांच्या कमिट्यांवर आमचे किती? पत्र कुणी लिहिलं, नावं कुणी निवडली? आणि परत आल्यावर मराठीत रिपोर्ट लिहून तो याच जागी वाचावा. इंग्रजी रिपोर्ट त्यांच्या कपाटात जाईल. आमच्या वस्तीला काय मिळालं ते आमच्या भाषेत कळायला पाहिजे.

आता शाखेवर काय येतं ते ऐका. बारा दिवस काम नाही म्हणजे बारा दिवस दाम नाही. तिकीट त्यांनी दिलं, पण त्याच्या आईच्या चुलीचं तिकीट कोण देणार? ठेकेदार म्हणतो, गेलास तर जागा भरून टाकीन. जुन्या डॉक लेबर बोर्डाच्या काळात कामगाराच्या मागे कायदा होता, १९९४ ला बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये गेलं, आणि आम्ही आता ठेकेदाराच्या मेहेरबानीवर. तेव्हा टोळीतल्या आम्ही सहा जणांनी ठरवलंय, त्याच्या पाळ्या आम्ही वाटून भरू, त्याची जागा मोकळी दिसू देणार नाही. घरखर्चाची वर्गणी मात्र शाखेने काढावी. माणशी पन्नास रुपये धरले तरी चूल पेटती राहील.

हे पैसे दिलेत तर तो मिशनचा माणूस म्हणून जाणार नाही. तुमचा म्हणून जाईल. तिकीट त्यांचं असेल, पण भाकर आपली असेल, आणि ज्याची भाकर खाल्ली त्याला जाब द्यावा लागतो. एडिंबरोला ज्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा आपला गडी एवढ्याने तरी पुढे असेल.

डबा दारापाशी ठेवलाय. ज्यांना पटत नाही त्यांनी उठून बोलावं. बोलून झालं की त्यांनीही पन्नास रुपये टाकावेत.

जयभीम.