एमिलीबाईंचे चित्र आणि त्याची किंमत



चित्रकलेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपणांस वाटले असेल. रंगांशी माझा संबंध संपाचे फलक रंगविण्यापुरताच. पण ऑस्ट्रेलियातील एमिली काम उंग्वारे या आमच्याच, म्हणजे राबणाऱ्यांच्या जातीच्या.

त्यांचा जन्म १९१० च्या सुमारास, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी समाजात. बरेचसे आयुष्य गोऱ्या मालकांच्या गुरांच्या वाड्यांवर राबण्यात गेले. तेथे आदिवासींच्या हाती मजुरी म्हणून बहुधा पीठ, चहा, साखर पडे. समान वेतनाचा निवाडा १९६६ साली झाला, अंमल आला १९६८ च्या डिसेंबरात! चित्रशाळेचे तोंड बाईंनी पाहिले नाही. सत्तरीच्या आसपास बाटिक शिकल्या. कॅनव्हासला हात लावला तो ऐंशीच्या घरात. मग आठ वर्षांत सुमारे ३,००० चित्रे!

१९९५ सालचे त्यांचे एक चित्र आठ मीटर लांब आहे. काळ्यावर पांढऱ्या रेषांचे जाळे. पंडित त्याला अमूर्त म्हणतात. त्या रेषा म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या कंदाच्या मुळ्या. ‘काम’ हे नावच त्या कंदाच्या बी-फुलाचे. कंद खणून पोट भरणाऱ्या बाईला त्यात अमूर्त ते काय वाटणार?

१९९६ साली त्या वारल्या. २००७ साली त्यांचे एक चित्र दहा लाख डॉलरांवर विकले गेले. वारसांना वाटा देणारा कायदाच तेव्हा नव्हता. पुनर्विक्रीत शेकडा पाच देण्याचा कायदा २०१० साली अमलात आला, तोही अटींसह. शेकडा पाच! आमच्या मागणीपत्रात हा आकडा कोणी घातला असता, तर गेटसभेने त्याला खाली बसविले असते.