ओझे, वाट आणि टायर

मी शाळेत गणित शिकवतो. अशा माणसाने मालमोटारीच्या टायरविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. परंतु माझ्या धाकट्या भावाचा एक सहा चाकी टिपर आहे. खानापूर तालुक्यातल्या एका खाणीतून खडी भरायची, जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याचा घाट उतरायचा आणि साखळीच्या बाजूला ती रिकामी करायची, हा त्याचा धंदा. २०१९ च्या एप्रिलात, भर दुपारी, मागच्या जोडीतला एक टायर फुटला. रबराचे पट्टे मडगार्ड फाडून रस्त्यावर पडले. गाडीवर माझा पुतण्या होता. घाटाची उतरण अजून लागली नव्हती, म्हणून गाडी रस्त्यावरच राहिली.

विशेष असे की, तो टायर जेमतेम चार महिन्यांचा होता. त्याची नक्षी अजून बोटभर खोल होती. भावाने तो मोठ्या हौसेने घेतला होता, दुकानातला सर्वांत जाड व खोल दातांचा. ज्याला आपले ड्रायव्हर 'लग' म्हणतात, तो. "खाणीसाठी याहून दणकट टायर नाही," असे दुकानदाराने सांगितले होते आणि त्यात खोटे काहीच नव्हते. मी भावाला इतकेच विचारले, "एका खेपेत गाडी खाणीच्या वाटेवर किती चालते?" तो म्हणाला, "दादा, तीन किलोमीटर." आणि डांबरी रस्त्यावर? पन्नासाहून अधिक!

येथेच सारी चूक होती. टायर जमिनीवर टेकतो तेथे प्रत्येक फेऱ्याला तो दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्याफुगण्याने रबर तापते. रबर जितके जाड, तितकी ती उष्णता आत कोंडून राहते. खाणीत गाडी सावकाश चालते, मध्येमध्ये थांबते, त्यामुळे टायरला निवायला अवसर मिळतो. म्हणून खाणीसाठी बनवलेल्या टायरात धारदार दगडांनी चिरणार नाही असे चिवट रबर भरपूर घालतात. तोच टायर उन्हात तापलेल्या डांबरावर, पुरते ओझे घेऊन, तासभर वेगाने पळवला की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. वरून नक्षी शाबूत आणि आतून टायर संपलेला, असा हा प्रकार होतो.

तेव्हा टायर घ्यायला निघण्यापूर्वी आपली वाट मोजावी. बहुतेक फेरी कच्च्या वाटेची, चिखलाची असेल तर खोल लग घ्यावा. त्याच्या दातांमधील मोकळी जागा चिखल बाहेर टाकते आणि चाक नुसते फिरत राहत नाही. वाट मुख्यतः डांबरी आणि टोकाला थोडी खाण, अशी असेल तर दोन्हींच्या मधली नक्षी मिळते, ती बरी. पुढच्या चाकांची गोष्ट निराळी. त्यांचे काम गाडी वळवण्याचे, म्हणून तेथे लांब सरळ रेघांचा 'रिब' टायर घालतात. पुन्हा नवे रबर चढवलेला टायर मागे चालतो. पुढे मात्र तो घालू नये, कारण पुढचा टायर फुटला तर सुकाणूच हातचे जाते.

आता ओझे. टायरच्या बाजूवर जे आकडे असतात ते बहुतेकजण वाचत नाहीत. माझ्या भावाच्या टायरवर '१०.०० आर २०' असे होते. म्हणजे रुंदी सुमारे दहा इंच, रिम वीस इंचाची आणि 'आर' म्हणजे रेडियल. शेजारी '१६ पीआर' होते. ते थरांची खरी संख्या सांगत नाही, पूर्वीच्या सुती थरांच्या मानाने ताकद किती एवढेच सांगते. महत्त्वाचा आकडा पुढे होता: '१४६/१४३ के'. पहिली संख्या टायर एकटा असताना, दुसरी जोडीत असताना. १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५ किलो. जोडीतले दोन टायर ओझे कधीच अगदी सारखे वाटून घेत नाहीत, म्हणून ही घट. 'के' म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंतचा वेग.

मी पाटीवर करावे तसे गणित मांडले. मागे चार टायर, म्हणजे २,७२५ गुणिले चार, १०,९०० किलो. आणि २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली होती. कायद्याने परवानगी मिळाली म्हणून भावाने खडी वाढवली. टायर मात्र जुन्याच मापाचे राहिले. सहाशे किलोंचा हा फरक कोणी पाहिलाच नव्हता! १४९/१४६ चा टायर घेतला तर चार टायर बारा टन पेलतात. कायद्याबाहेर भरलेल्या खडीचा हिशेब मी येथे करीत नाही. तो करायला कोणताही टायर पुरणार नाही.

नायलॉन की रेडियल, हा वाद प्रत्येक गाडीतळावर चालतो. नायलॉनच्या टायरात आडवेतिडवे थर बाजूपर्यंत जातात, म्हणून त्याची बाजू दगडाचा ठोका अधिक सोसते. रेडियलची बाजू पातळ, परंतु तो कमी तापतो आणि डांबरावर अधिक टिकतो. खाणीतच राबणाऱ्या गाडीला नायलॉन अजून शोभतो, आमच्या गाडीला रेडियलच हवा होता. एका आसावर दोन्ही जाती एकत्र मात्र कधी घालू नयेत. जोडीत एक नवा आणि एक झिजलेला टायरही घालू नये. उंचीला मोठा असतो तोच बहुतेक ओझे वाहतो.

टायरचे वयही पाहावे. बाजूवर शेवटी चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये बंद झाल्या, तेव्हा खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजत नाही, पण ऊन खाऊन रबराला बारीक भेगा पडतात. असा टायर स्वस्तात मिळाला तरी ओझ्याच्या गाडीला घेऊ नये.

आणि हवा. ओझे टायर पेलत नाही, आतली हवा पेलते. कमी हवेचा टायर अधिक दबतो आणि अधिक तापतो. तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसला म्हणून कित्येकजण वाटेत हवा सोडतात. हे उलटेच होय, कारण निवल्यावर तो टायर अर्धपोटी राहतो. दाब सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजावा.

भावाने मागे मधल्या नक्षीचे चार रेडियल एकदम घेतले, १४९/१४६ चे. कर्जाचे दोन हप्ते त्यापायी लांबले आणि घरात थोडी कुरबूरही झाली. पुतण्या आता पहाटे दाब मोजतो, खाणीतून बाहेर पडताच उतरतो आणि जोडीच्या मधे अडकलेला दगड लोखंडी आकड्याने काढतो. मोजलेला दाब तो एका वहीत लिहितो. ती वही माझ्याच शाळेतल्या कोऱ्या वह्यांपैकी आहे, आणि महिन्याअखेरीस ती तपासायला माझ्याकडे येते.