यंत्रमानवाचा कारभारी

यंत्रमानव म्हटला कीं त्याचे हात, पाय व डोळे यांचीच चर्चा होते. परंतु त्याच्या संगणकांतील सर्व कामें ज्याच्या हुकुमानें चालतात, त्या कारभाऱ्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एकाच वेळीं अनेक कामें पुढें उभीं राहिलीं असतां कोणतें आधीं करावें व कोणतें थांबवावें, याचा निवाडा तो करतो.

कचेरींतील संगणकाचा कारभारी क्षणभर रेंगाळला तर एखादें पत्र उशिरां छापलें जाईल, इतकेंच. दोन पायांवर चालणाऱ्या यंत्राचा तोल सांवरण्यास मात्र तेवढाच उशीर झाला तर तें कोसळेल. म्हणून येथें कारभारी किती चपळ आहे यापेक्षां तो नेमलेली वेळ चुकवीत नाहीं ना, हें आधीं पाहावें लागतें. वेळेचें असें कडक बंधन पाळणाऱ्या प्रणालीस रिअल-टाइम म्हणतात. व्हीएक्सवर्क्स ही त्यांपैकीं एक प्रसिद्ध प्रणाली होय.

तथापि असा कारभारी नेमला म्हणजे सर्व भागलें, असें नाहीं. ४ जुलै १९९७ रोजीं अमेरिकेचें पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें. त्याच्या संगणकावर व्हीएक्सवर्क्सच होती. कांहीं दिवसांतच तो संगणक मधूनमधून आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला, आणि त्या दिवसाचें उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर जाऊं लागलें. कारण मोठें उद्बोधक होतें. हवामानाची नोंद करणारें कनिष्ठ काम जणूं सामाईक कोठीची किल्ली घेऊन बसे. तीच किल्ली माहितीची ने-आण पाहणाऱ्या वरिष्ठ कामास हवी असे. तेवढ्यांत मधल्या दर्जाचें काम येऊन कनिष्ठास बाजूस सारी. मग किल्ली सुटत नसे, वरिष्ठ खोळंबे, आणि वेळ टळली असें पाहून यंत्र स्वतःस नव्यानें सुरू करी. किल्ली ज्याच्या हातीं असेल त्यास तेवढ्यापुरता वरिष्ठाचा दर्जा द्यावा, अशी सोय त्या प्रणालींत होती. ती चालू केलेली नव्हती. अभियंत्यांनीं तोच दोष पृथ्वीवरील यंत्रावर घडवून पाहिला व दुरुस्ती मंगळावर पाठविली. दुखणें थांबलें.

पुढें २०२१ सालीं मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरहि व्हीएक्सवर्क्सच होती. परंतु तिनें नेलेल्या १.८ किलोग्रॅमच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरवर लिनक्स ही सर्वांस खुली असलेली, सर्वसाधारण कामाची प्रणाली होती. १९ एप्रिल २०२१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत त्यानें ७२ उड्डाणें केलीं. यांतील मर्म असें कीं, छायाचित्रांवरून मार्ग ओळखण्याचें काम लिनक्सकडे होतें; पंखे क्षणोक्षणीं सांभाळण्याचें काम वेगळ्या लहान संगणकांकडे सोंपविलेलें होतें.

नांवावरहि भुलूं नये. रॉस, अर्थात् रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम, ही नांवानें कारभारी असली तरी कामानें निरोप्या आहे. ती बहुधा लिनक्सच्या आश्रयानें चालते आणि यंत्राच्या निरनिराळ्या भागांचे निरोप एकमेकांस पोंचविते. २०२४ सालीं लिनक्सच्या मुख्य आवृत्तींतहि वेळ पाळण्याची सोय दाखल झाली. त्यामुळें निवडीस वाव वाढला आहे, पण विचाराची गरज कमी झालेली नाहीं.

यंत्रमानव बांधूं पाहणाऱ्यानें प्रथम कागद घ्यावा, प्रत्येक काम लिहावें, आणि त्यापुढें त्या कामास किती उशीर सोसेल तें मांडावें. ज्यास उशीर मुळींच सोसत नाहीं तें काम वेळेच्या पक्क्या कारभाऱ्याकडे द्यावें. पाहणें, ओळखणें, मार्ग आंखणें हीं कामें लिनक्सकडे सुखेनैव जाऊं द्यावींत. असा कागद तयार झाला म्हणजे कारभारी निवडणें अवघड राहत नाहीं.