चिठ्ठीने गेलेली जागा
(एका बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेसाठी ‘मताधिकार’ हा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावर बोलावयास उभा राहणारा गृहस्थ बहुधा घटनेचे ३२६ वे कलम वाचून दाखवितो, मत ही केवढी मोलाची वस्तू आहे हे सांगतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. माझ्याने ते होणार नाही. मी पडलो वकील. वकिलाला तत्त्वापेक्षा दाव्याची हकीकत अधिक बरी कळते. म्हणून मी आपणांस एक हकीकत सांगणार आहे. ती आपल्या देशातील नाही; पण ज्यांना आपले नाव कोणत्या यादीत आहे हे पाहण्याचा अजून कंटाळा येतो, त्यांनी ती अवश्य ऐकावी.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यावर, आज हॅम्प्टन शहरात मोडणाऱ्या एका ठिकाणी, १६१९ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसे प्रथम उतरविली गेली आणि धान्याच्या मोबदल्यात देण्यात आली. त्या गुलामगिरीच्या रक्षणासाठी १८६१ साली जे बंड झाले, त्याची राजधानीही याच राज्यातील रिचमंड शहरात होती. बंड मोडले, गुलाम मुक्त झाले, मताचा हक्क कागदावर आला. पण १९०२ साली व्हर्जिनियाने नवी राज्यघटना केली आणि मत देण्यावर वार्षिक दीड डॉलर कर बसविला. तो तीन वर्षांचा साचलेला एकदम भरावयाचा, आणि तोही निवडणुकीच्या सहा महिने आधी! कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवणे हाच त्यामागील हेतू होता, आणि घटना करणाऱ्यांनी तो लपविलाही नव्हता. कराच्या कलमात वर्णाचा उल्लेख नव्हता हे मात्र लक्षात घ्या. कायद्याने माणसाला हाकलावयाचे तर त्याची जात लिहावी लागत नाही. त्याचे दारिद्र्य लिहिले तरी पुरते. हा कर मोडण्यासाठी ज्या कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या, त्यांत नॉरफोक शहरातील एव्हलिन बट्स या होत्या. त्या शिवणकाम करून पोट भरीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ‘हार्पर’ खटल्यात हा कर रद्द ठरविला. म्हणजे आपल्याकडे १९५२ साली खेड्यातील भूमिहीन मजूर एक पैसाही न भरता मत देऊन आला, त्यानंतर चौदा वर्षांनी!

बाबासाहेबांना या साम्याची पूर्ण जाणीव होती. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघापुढे जो अर्ज केला जात होता त्याच्या प्रती मागविल्या होत्या. दोहोंची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यकच आहे, असा त्या पत्राचा आशय होता. मीही तोच रस्ता धरतो आहे.

आता मुख्य हकीकत. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाचे कनिष्ठ सभागृह शंभर सभासदांचे. हे राज्य अलीकडे कधी या पक्षाकडे तर कधी त्या पक्षाकडे झुकत आले आहे. २०१७ च्या निवडणुकीपूर्वी त्या सभागृहात रिपब्लिकन ६६ आणि डेमोक्रॅट ३४ असे बळ होते. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी मतदान झाले आणि डेमोक्रॅट पक्षाने इतक्या जागा हिसकावून घेतल्या की सभागृह कोणाचे हा सारा प्रश्न एका मतदारसंघावर येऊन अडला. तो ९४ वा मतदारसंघ, न्यूपोर्ट न्यूज या शहरातला. हे शहर हॅम्प्टनला लागूनच आहे. १६१९ साली ती माणसे उतरली त्याच्या शेजारीच म्हणा ना. उमेदवार दोन: रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सभासद डेव्हिड यॅन्सी आणि डेमोक्रॅट पक्षाच्या शेली सिमंड्स.

पहिल्या मोजणीत यॅन्सी दहा मतांनी पुढे होते. १९ डिसेंबरला फेरमोजणी झाली. निकाल निघाला: सिमंड्स ११,६०८, यॅन्सी ११,६०७. एका मताने बाई विजयी! सभागृह पन्नास-पन्नास झाले म्हणून आनंदोत्सव झाला. पण दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली. त्या मतदाराने दोन्ही उमेदवारांपुढील वर्तुळे भरली होती आणि सिमंड्स यांच्या वर्तुळावर एक तिरपी रेघ ओढली होती. इतर पदांसाठी त्याने रिपब्लिकन उमेदवारच पसंत केले होते. मतदाराचा हेतू यॅन्सी यांनाच मत देण्याचा होता, असा न्यायाधीशांनी निर्णय दिला. दोघांची मते ११,६०८ झाली.

मी ही मतपत्रिका वृत्तपत्रांतील छायाचित्रात पाहिली आहे. वकील म्हणून सांगतो, दोन्ही बाजूंनी तासभर युक्तिवाद करता येईल असा तो कागद आहे. आपल्याकडील १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे एकाहून अधिक उमेदवारांना मत दिलेली मतपत्रिका बाद होते. मात्र खूण अस्पष्ट असूनही मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल, तर केवळ त्या अस्पष्टतेसाठी ती बाद करू नये असेही तेच नियम म्हणतात. यंत्रे आल्यापासून हा वाद टपाली मतांपुरता उरला आहे. पण तेवीस हजारांवर माणसांनी दिलेला कौल एका माणसाच्या पेनाच्या एका रेघेवर येऊन थांबला, आणि त्या माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नाही! गुप्त मतदानाची ही थोरवी की गंमत, ते आपण ठरवा.

मते समान झाली म्हणजे काय करावयाचे? व्हर्जिनियाचा कायदा सांगतो, चिठ्ठी टाका. ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंड येथे दोघांची नावे लिहिलेले कागद कॅमेऱ्याच्या फिल्मच्या दोन डब्यांत घालण्यात आले आणि ते डबे एका भांड्यात ठेवले गेले. भांडे राज्याच्या कलासंग्रहालयातून उसने आणलेले, फार सुंदर होते म्हणतात. निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी एक डबी काढली. यॅन्सी यांचे नाव निघाले. सभागृह ५१ विरुद्ध ४९ असे रिपब्लिकन पक्षाकडे राहिले.

आपण हसला असाल तर थोडे थांबा. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६५ वे कलमही हेच सांगते. मते समान आली तर निर्वाचन अधिकाऱ्याने चिठ्ठी टाकावी आणि जिच्या नावाची निघेल तिला एक मत जादा मिळाले असे मानावे. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि निकाल चिठ्ठीने लागला. कर्नाटकात २००४ साली संतेमरहळ्ळी या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात एका उमेदवाराला ४०,७५२ व दुसऱ्याला ४०,७५१ मते पडली. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा येथे सी. पी. जोशी ६२,२१५ मते मिळवून एका मताने हरले. ‘माझ्या एका मताने काय होणार’ असे म्हणणाऱ्यांसाठी या तीन आकड्यांवर मी अधिक काही बोलत नाही.

मला बोलावयाचे आहे ते पुढे जे उघडकीस आले त्याबद्दल, कारण खरी कथा तेथेच आहे. चिठ्ठी निघाली, हरलेल्या बाईंनी पराभव मान्य केला, सभासदांनी शपथा घेतल्या. त्यानंतर मे २०१८ मध्ये एका वृत्तपत्राने तपास करून छापले की, न्यूपोर्ट न्यूजमधील ज्या मतदान केंद्रात बहुसंख्य मतदार कृष्णवर्णीय होते, तेथील २६ मतदारांची नावे चुकून शेजारच्या मतदारसंघात घातली गेली होती. ती माणसे मतदानाला गेली होती. रांगेत उभी राहिली होती. त्यांनी मत दिलेही. पण ते त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघाच्या निवडणुकीत पडलेच नाही! आणि त्या केंद्राचा कल डेमोक्रॅट पक्षाकडे भरघोस होता. त्याच वर्षी राज्याच्या २८ व्या मतदारसंघातही निदान १४७ मतदारांना भलत्याच मतदारसंघाच्या मतपत्रिका मिळाल्या होत्या, आणि तेथील जागेचा निकाल ७३ मतांनी लागला.

पाहा, येथे कोणी लाठी घेऊन आडवे आले नव्हते. दीड डॉलर मागितला नव्हता. एका कारकुनाच्या टेबलावर रस्त्याची एक बाजू या यादीत पडावयाची ती त्या यादीत पडली, एवढेच. चूक कोणाच्या हातून झाली हे एक, आणि ती कोणत्या वस्तीत पडली हे दुसरे. जेथील माणसे तक्रार करीत नाहीत तेथील चुका वर्षानुवर्षे टिकतात. हे मी ऐकीव सांगत नाही. एका महापालिका निवडणुकीत आमच्या वस्तीतील एका गल्लीची अर्धी घरे शेजारच्या प्रभागात गेली. आम्हांला ते मतदानाच्या दिवशी सकाळी कळले. प्रारूप यादी आधी प्रसिद्ध झाली होती, हरकतींची मुदत दिली होती, ती मुदत संपलीही होती. गल्लीत वकील एक, शिक्षक चार, पदवीधर कित्येक. यादी पाहावयास कोणीच गेले नव्हते. मीही गेलो नव्हतो.

आता व्हर्जिनियातील पुढचे थोडक्यात सांगतो. हरलेले मत वाया गेले असे समजू नका. गरिबांच्या सरकारी वैद्यकीय योजनेचा विस्तार करण्यास तेथील सभागृह कित्येक वर्षे नकार देत होते. ५१-४९ च्या त्याच सभागृहाने, त्याच रिपब्लिकन बहुमताखाली, ३० मे २०१८ रोजी ६७ विरुद्ध ३१ मतांनी तो विस्तार मंजूर केला. सुमारे चार लाख लोकांना त्याचा लाभ होईल असा अंदाज होता. थोडक्यात बचावलेला माणूस मतदाराशी नीट बोलू लागतो. दुसरे असे की, कृष्णवर्णीय मतदार ठराविक मतदारसंघांत कोंबून इतरत्र त्यांचे वजन कमी केल्याबद्दल एक खटला चालू होता. त्यात संघराज्याच्या न्यायालयाने जून २०१८ मध्ये अकरा मतदारसंघ घटनाबाह्य ठरविले आणि नव्याने सीमा आखावयास लावल्या. २०१९ च्या निवडणुकीत शेली सिमंड्स त्याच ९४ व्या मतदारसंघातून निवडून आल्या, तेव्हा चिठ्ठीची गरज पडली नाही.

चिठ्ठीवरून एक गोष्ट आठवली, ती आपल्या धम्मातील आहे म्हणून सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभाशास्त्राचा उल्लेख केला होता. ठराव, गणपूर्ती, मतगणना हे सारे संघाला ठाऊक होते. मते शलाकांनी, म्हणजे लहान काड्यांनी, घेतली जात. त्या काड्या वाटणारा व गोळा करणारा भिक्षु संघ आधी निवडीत असे. आणि तो पक्षपाती, द्वेषी, मोहग्रस्त वा भित्रा नसावा, शिवाय कोणाची शलाका घेतली व कोणाची राहिली हे त्याला नेमके ठाऊक असावे, अशी विनयातील चुल्लवग्गाची आज्ञा आहे. शेवटची अट वाचली की मला ते सव्वीस मतदार आठवतात. कोणाची शलाका घेतली, कोणाची राहिली! अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या संघाला हे सुचले, त्याच्या उपासकाने यादी न पाहता घरी बसावे काय?

दीक्षा नुकतीच घेतलेल्या कुटुंबांसाठी आता काही रोकड्या गोष्टी. धर्म बदलल्याने मताचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तसे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. आपल्यापैकी कित्येकांनी दीक्षेनंतर नाव वा आडनाव बदलले आहे. शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि मतदारयादीत तिसरे, अशी स्थिती असेल तर केंद्रावर अडवणूक होते. यादीतील नाव दुरुस्त करण्यास नमुना ८ आहे. राजपत्रातील नावबदलाची प्रत सोबत जोडावी. घर बदलले असेल तरीही हाच नमुना. मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली, सून सासरी आली आणि तिचे नाव कोठेच नाही, तर नमुना ६. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरीत. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांची पहिली तारीख अशा चार तारखा धरतात. सुनांच्या बाबतीत विशेष सांगतो: माहेरच्या यादीत नाव आहे म्हणून ती निश्चिंत, सासरी कोणी विचारीत नाही म्हणून तेही निश्चिंत, आणि बाईचे मत पाच-दहा वर्षे कोठेच पडत नाही.

आपण केंद्रावर गेलात आणि आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला आहे असे आढळले, तर मुकाट्याने परत फिरू नका. ओळख पटवून ‘टेंडर्ड’ मत मागा. ते यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर घेतात व वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीच्या दिवशी ते मोजीत नाहीत हे खरे. परंतु निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला आणि फरक थोडका असला तर न्यायालय ते पाकीट उघडवू शकते. नाथद्वाराच्या खटल्यात या टेंडर्ड मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. असा अर्ज निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करावा लागतो. सेहेचाळिसाव्या दिवशी आलेल्या पक्षकारासाठी कोणताही वकील काही करू शकत नाही.

स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार फोडतात, आणि रस्त्याच्या बाजू इकडच्या तिकडे होतात त्या याच वेळी. म्हणून आपल्या वस्तीच्या यादीच्या दोन प्रती मी आज सोबत आणल्या आहेत. त्या मागच्या मेजावर ठेवल्या आहेत. वंदनेनंतर घरपरत एकाने थांबावे, आपल्या कुटुंबातील प्रत्येक नाव बोट ठेवून पाहावे आणि शेजारच्या घराचेही पाहावे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो काढून ठेवू नये. यादीचा टाईप फार बारीक आहे.